अभयारण्यात फिरताना नजर जमिनीवरही असू द्या

अभयारण्यात पाऊल टाकताच मोठा प्राणी दिसावा म्हणून आपण दूरवर पाहत राहतो आणि पायाशी घडणारे बरेच काही हातचे जाते. शक्य तर सकाळी लवकर निघावे, कारण तिरप्या उन्हात मातीतले ठसे उठून दिसतात. ठशाच्या बोटांपुढे नखांच्या खुणा असतील तर तो बहुधा कुत्रा किंवा कोल्ह्याच्या कुळातला प्राणी असतो. मांजराच्या कुळातले प्राणी चालताना नखे आत ओढून घेत असल्यामुळे त्यांच्या ठशात ती सहसा उमटत नाहीत. झाडाखालच्या कोरड्या, भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसले तर तेथे जरूर थांबावे. तळाशी मुंगीसिंहाची अळी दडलेली असते आणि कडेवरून मुंगी घसरू लागली की ती डोक्याने माती उडवून तिला खाली आणते. हे दृश्य पाहण्यासाठी दहा मिनिटे उकिडवे बसावे लागले तरी ती सार्थकी लागतात. खोडावरचे राखी-हिरवे दगडफूल मात्र खरवडू नये. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून झालेला तो थर अतिशय सावकाश वाढतो.