थंडीत सायकल चालवण्यासाठी हातमोजे कसे निवडावेत

डिसेंबरात पहाटे सहाला पुण्यात किंवा नाशकात पारा बऱ्याचदा 10-12 अंशांवर असतो आणि दहा वाजेपर्यंत तो विशीच्या पुढे जातो. त्यामुळे पहिले दोन तास बोटं गारठू द्यायची नाहीत आणि पुढे ऊन चढल्यावर तळवे घामाने चिंबही होऊ द्यायचे नाहीत, अशा दोन्ही बाजू हातमोज्यांनी सांभाळायला हव्यात. ‘थंडीचे’ म्हणून मिळणारे जाडजूड मोजे यातलं पहिलं काम कसंबसं करतात आणि दुसऱ्यात पार फसतात. आपल्या हवेत सायकलस्वाराच्या बोटांना खरा त्रास वाऱ्याचा असतो. म्हणून मोजा पातळ असला तरी चालेल, पण त्यातून वारा आत यायला नको.

1. आधी आपली थंडी नेमकी किती ते ठरवा

हवेचा आकडा 10 अंश असला आणि तुम्ही ताशी 25 किलोमीटरने जात असलात, तर उघड्या त्वचेला ती हवा साधारण 7 अंशांसारखी लागते. घाटाच्या उतारावर वेग 40 झाला की 6. हवाच 5 अंशांवर असेल, तर 25च्या वेगालाही गारवा शून्याच्या आसपास पोचतो. निफाडच्या बाजूला काही हिवाळ्यांत पारा 5च्याही खाली उतरतो, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी हा शेवटचा आकडा धरून चालावं.

सायकलवर पाय सतत काम करतात म्हणून ते तापतात. हात मात्र हँडलवर एका जागी, वाऱ्याच्या तोंडाशी असतात. शिवाय अंगाला थंडी वाजली की शरीर छाती-पोटाची ऊब राखण्यासाठी बोटांकडचा रक्तपुरवठा कमी करतं. त्यामुळे नवे हातमोजे घेण्याआधी अंगात पातळ विंडचीटर आहे का आणि मनगटं उघडी पडत नाहीत ना, हे पाहा. नुसत्या जर्सीवर निघून बोटं वाचवण्यासाठी महागडे मोजे घ्यायचे, हा उलटा व्यवहार आहे.

पाणवठ्याच्या कडेचे आणि खोलगट रस्तेही हिशेबात धरा. खडकवासल्याच्या काठाने जाणारा रस्ता किंवा घाटाखालची दरी पहाटे शहरापेक्षा थंड असते, कारण जड गार हवा सखल भागात साठते. फोनवर दिसणारा शहराचा आकडा पाहून निवड केली तर नेमक्या त्या पट्ट्यात बोटं बधीर होतात.

2. आकड्यावरून प्रकार निवडा

18 अंशांच्या वर अर्ध्या बोटांचे नेहमीचे मोजे पुरतात. मुंबई आणि कोकणपट्टीत बहुतेक दिवस एवढ्यावरच भागतं.

12 ते 18 अंशांत पूर्ण बोटांचे, बिनअस्तराचे, पातळ मोजे घ्यावेत. पाठीला ताणणारं कापड आणि तळव्याला कृत्रिम चामडं, एवढं पुरे.

7 ते 12 अंश हा पुणे, नाशिक, सातारा आणि महाबळेश्वरच्या पहाटेचा पट्टा. इथे हाताच्या पाठीवर वारा अडवणारं कापड आणि आत फ्लीसचा अगदी पातळ थर हवा. तळव्याच्या बाजूला अस्तर नसलं तरी चालतं. तिथे वारा थेट लागत नाही आणि कापड पातळ राहिलं की पकड चांगली बसते.

7च्या खाली एकच जाड जोड घेण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ मोजा आणि वर वारा अडवणारा. ऊन चढलं की एक थर काढून जर्सीच्या मागच्या खिशात टाकता येतो. अट एकच, वरचा मोजा आतल्या थराला जागा देणारा असावा. घट्ट मोज्यात दोन थर कोंबले की रक्ताभिसरण अडतं आणि बोटं एका थरापेक्षाही लवकर गारठतात.

हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वेटरवाल्यांकडे मिळणारे विणलेले मोजे चालण्या-फिरण्यासाठी छान. सायकलवर मात्र त्यांच्या विणीतून वारा आरपार जातो आणि ब्रेकच्या लिव्हरवरून बोट घसरतं. आतला थर म्हणून ते वापरता येतील. मोटरसायकलचे मोजे वारा उत्तम अडवतात, पण गाठींवरच्या कडक ढाली आणि जाड तळवा यांमुळे गिअरच्या छोट्या कळा बोटाला जाणवत नाहीत. ते टाळावेत.

निओप्रीन हे रबरी कापड पावसासाठी आहे. ते भिजलं तरी ऊब धरतं, पण घाम बाहेर सोडत नाही. कोरड्या थंडीत अर्ध्या तासात हात आतून ओले होतात आणि पुढच्या उतारावर तोच ओलावा गारठवतो. लंडन किंवा ॲमस्टरडॅमला राहून रोज सायकलने कामावर जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी गोष्ट वेगळी. तिथल्या ओल्या थंडीत पाणी अडवणाराच मोजा लागतो.

3. हात मोजा

शिंप्याची टेप घ्या. ज्या हाताने लिहिता तो हात सरळ ठेवा आणि अंगठा सोडून बाकीच्या चार बोटांच्या मुळाशी, गाठींवरून घेर मोजा. मूठ आवळू नका, टेपही ओढू नका. मग तळव्याच्या खालच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. दोन्ही आकडे सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा.

प्रत्येक कंपनीचा ‘मध्यम’ वेगळा असतो, तेव्हा त्या-त्या कंपनीचाच तक्ता पाहा. घेर एका मापात आणि लांबी दुसऱ्यात बसत असेल, तर थंडीच्या मोज्यांसाठी मोठं माप घ्यावं. उन्हाळी मोजे अंगाबरोबर घट्ट चालतात. थंडीत मात्र बोटांभोवती हवेचा थोडा थर राहिला पाहिजे, ऊब त्यातच टिकते.

4. दुकानात तपासणी

हा भाग घाईत उरकू नका. मोजे घालून नुसता पंजा उघडून पाहिल्याने काही कळत नाही, कारण हँडल धरल्यावर मोज्याचा आकार बदलतो.

मोजा ओठांशी धरून पाठीच्या कापडातून जोरात फुंकर मारा. हवा पलीकडे सहज जात असेल, तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, तो वारा अडवणारा नाही. यापेक्षा सोपी आणि खरी कसोटी नाही.

मग दोन्ही मोजे घालून दुकानातल्या एखाद्या सायकलचं हँडल धरा, शक्यतो तुमच्याकडे आहे तशाच प्रकारचं. बोटं वाकवल्यावर टोकाला 3 ते 5 मिलिमीटर जागा उरावी. काहीच उरत नसेल तर वाकलेल्या बोटावर कापड ताणतं आणि टोक आधी गारठतं. सेंटिमीटरभर उरत असेल तर रिकामं टोक लिव्हर आणि हँडलच्या मध्ये अडकू शकतं, आणि ब्रेकच्या बाबतीत हा धोका पत्करण्यासारखा नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या बेचक्यात कापड ताणलेलं आहे का तेही बघा. मोजे फाटायला सुरुवात बहुधा इथूनच होते.

आता एकाच बोटाने ब्रेक दाबा, मग दोन बोटांनी. सगळे गिअर खाली-वर करून पाहा. रोड सायकलवर ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असतात. मोजा जाड असेल तर तिथे बोट एका कळेऐवजी दोन्ही कळा दाबतं. घंटी वाजवा, हेल्मेटचं बक्कल लावा-काढा. जे हातमोज्यासकट जमत नाही त्यासाठी रस्त्यावर तो दर वेळी काढावा लागेल.

शेवटी मोजा झटकन ओढून काढा. बोटांचं अस्तर उलटं होऊन बाहेर आलं, तर तो जोड परत ठेवा. ते टोकांना शिवलेलं नसतं. घामेजलेल्या हाताने थांब्यावर मोजे काढले की अस्तर गोळा होतं आणि पुन्हा बोटं आत घालता येत नाहीत. अंधाऱ्या रस्त्यावर हा प्रकार फार वैताग देतो.

5. तळव्याची गादी

जास्त गादी म्हणजे जास्त आराम, हा समज पक्का बसला आहे आणि तो चुकीचा आहे. जाड जेल हँडल धरल्यावर सुरकुततं आणि त्या वळ्यांचाच दाब येतो. गादी पातळ असावी आणि योग्य जागी असावी. करंगळीच्या बाजूला, तळव्याच्या खालच्या उंचवट्यातून एक नस (मज्जातंतू) जाते. तिच्यावर दाब आला की करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात. म्हणून तिथली गादी दोन तुकड्यांत, मध्ये खाच ठेवून शिवलेली असली तर उत्तम.

थंडीत याची गल्लत होते. सगळ्या बोटांची टोकं सारखीच बधीर झाली तर तो बहुधा गारठा. फक्त करंगळी-अनामिका बधिरली, किंवा फक्त अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तर तो नसेवरचा दाब. त्यावर जाड मोजा हा उपाय नाही. सीटचं नाक खाली झुकलेलं आहे का, हँडल फार लांब किंवा खाली आहे का, हे तपासा. फेरी संपल्यावरही बधिरपणा राहत असेल, किंवा थंडीत बोटं पांढरीफटक होऊन मग निळसर पडत असतील, तर डॉक्टरांना दाखवा.

6. मनगट, अंगठा आणि बाकीचं

मनगटाची पट्टी विंडचीटरच्या बाहीखाली जाईल इतकी लांब हवी, म्हणजे मध्ये फट राहत नाही. मनगटातल्या रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे तेवढी फट पंजा थंड करायला पुरते. घड्याळ लावून मोजा घालून पाहा. अंगठ्याच्या पाठीला टॉवेलसारखं मऊ कापड असावं, पहाटे नाक वाहतंच. पहिल्या दोन बोटांच्या आतल्या बाजूला सिलिकॉनच्या रेघा हव्यात. फोनची स्क्रीन चालवणारी टोकं असली तर असू द्यात, पण त्यापायी वेगळे पैसे मोजू नयेत. पाठीवर परावर्तक पट्टी मात्र जरूर असावी. वळताना हात दाखवला की मागच्या गाडीच्या दिव्यात तीच दिसते.

7. रात्रीच्या लांब पल्ल्यासाठी

300 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीला, 20 तास मिळतात, 400ला 27. त्यात रात्र आणि दुपार दोन्ही येतात. अर्ध्या बोटांचे मोजे घालून निघा आणि त्यांवरून चढेल असा वारा अडवणारा पातळ मोजा बरोबर ठेवा. औषधाच्या दुकानात मिळणारे पातळ नायट्राइलचे मोजे सीटखालच्या पिशवीत टाका. अचानक गारठा किंवा पाऊस आलाच, तर ते आत घालून वर नेहमीचा मोजा चढवायचा. हात घामेजतात, पण वारा लागत नाही. चेन पडली तरी तेच उपयोगी.

घाट चढताना वरचा थर काढावा आणि उतार सुरू होण्याआधी, हात कोरडे असतानाच, पुन्हा घालावा. पसरणी घाट उतरताना मध्येच थांबून ओल्या हातांवर मोजे ओढणं निष्फळ ठरतं.

जाड जोड घेतलाच असेल, तर ब्रेकच्या लिव्हरचं अंतर तपासा. बऱ्याच लिव्हरना ते कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू असतो. लिव्हर जवळ घेतल्यावर पूर्ण दाबून ती हँडलला टेकत नाही, याची खात्री करूनच निघा.

8. धुणं आणि वाळवणं

वेल्क्रो बंद करा, नाहीतर ते अस्तराचे धागे ओढतं. कोमट पाण्यात सौम्य साबणाने हातानेच धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा. कपडे मऊ करणारं द्रावण वापरलं तर वारा अडवणाऱ्या थराची आणि सिलिकॉनच्या पकडीची वाट लागते. कडक उन्हात कृत्रिम चामडं ताठ होतं आणि बेचक्याजवळ चिरा पडतात. फुंकरीची कसोटी दर हिवाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा करा. हवा आरपार जाऊ लागली की तो जोड 12 अंशांच्या वरच्या दिवसांसाठी ठेवायचा.