अमेरिकन आर्मी-नेव्हीची जुनी क्रॉकरी जमवायचीय? आधी प्लेट उलटी करा

अमेरिकेत राहणारी आपली बरीच मंडळी विकेंडला थ्रिफ्ट स्टोअर, इस्टेट सेल, फ्ली मार्केट असं फिरत असतात, आणि तिथे सोनेरी काठाच्या नाजूक टी-सेटवर सगळ्यांच्या उड्या पडलेल्या असताना खालच्या फळीवर एखादा जाडजूड पांढरा मग नाहीतर ओव्हल प्लेट धूळ खात पडलेली असते. ती उचला. दुसऱ्या महायुद्धात आर्मी, नेव्ही आणि लष्करी हॉस्पिटलांसाठी सरकारनं कंत्राटं देऊन असली भांडी ढिगानं बनवून घेतली, आणि माझ्या मते स्वस्तात सुरू करता येईल आणि तरीही प्रत्येक पीसला इतिहास असेल असा यापेक्षा चांगला छंद नाही.

पहिलं काम म्हणजे भांडं उलटं करायचं, समोरची बाजू नंतर. मागच्या शिक्क्यावर कारखान्याचं नाव असतं. काही नावं पाठच करून टाका: शेनँगो (न्यू कॅसल, पेनसिल्व्हेनिया), स्टर्लिंग (वेल्सव्हिल, ओहायो), मेयर (बीव्हर फॉल्स, पेनसिल्व्हेनिया), बफलो आणि सिरॅक्यूज. सिरॅक्यूजच्या जुन्या मालावर बऱ्याचदा ओ.पी.को. अशी अक्षरं दिसतात, गोंधळू नका, ती ओनोन्डागा पॉटरी कंपनी, म्हणजे तोच कारखाना, सिरॅक्यूज चायना हे कंपनीचं नाव १९६६ मध्ये झालं. आर्मीच्या मालावर यू.एस.क्यू.एम.सी. असा शिक्का सापडला तर तो क्वार्टरमास्टर कोअरचा, म्हणजे सैन्याला कपड्यांपासून ताटवाट्यांपर्यंत सगळं पुरवणाऱ्या खात्याचा.

तारीख वाचायला होमर लाफलिन सगळ्यात सोपं. वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यूएलचा हा कारखाना. त्यांच्या त्या काळच्या शिक्क्याखाली इंग्रजीत डी ४२ एन ५ असं काहीतरी बारीक छापलेलं असतं, पहिलं अक्षर महिन्याचं (ए म्हणजे जानेवारी, मग क्रमानं), मधला आकडा वर्षाचा आणि शेवटचं प्लांटचं, म्हणजे हे भांडं एप्रिल १९४२ चं, पर्ल हार्बरनंतर चारच महिन्यांनी भट्टीतून निघालेलं! एक लक्षात ठेवा, होमर लाफलिननं पूर्ण व्हिट्रिफाइड (म्हणजे इतकं घट्ट भाजलेलं की पाणी शोषत नाही असं) हॉटेल चायना १९५९ पासून बनवायला घेतलं, त्यामुळे त्यांचा युद्धकाळातला माल थोडं पाणी शोषणारा असतो आणि ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर, बारीक तड्यांची जाळी दिसते, ते वयाप्रमाणे चालतं, पण शेनँगो किंवा स्टर्लिंगचा माल व्हिट्रिफाइड असतो, त्यामुळे त्यांच्या पीसवर तशी जाळी दिसली तर मी दोनदा विचार करते.

आता समोरची बाजू. नेव्हीच्या ऑफिसर्स मेसची प्लेट ओळखायला सोपी, काठावर निळ्या रेघा आणि दोरखंड गुंडाळलेला जहाजाचा नांगर. साध्या खलाशांना जेवण खण असलेल्या धातूच्या ट्रेमध्ये मिळायचं, पण कॉफीला मात्र जाड चिनी मातीचे मग, त्यातले बरेचसे बिनकानाचे, कारण कान हाच मगाचा सगळ्यात आधी तुटणारा भाग. आर्मी हॉस्पिटलांच्या भांड्यांवर मरून रंगात दोन साप गुंडाळलेला दंड आणि मेडिकल डिपार्टमेंटचं नाव असतं. आणि नांगर दिसला की नेव्ही असं धरून चालू नका, नांगर आणि सापांचा दंड एकमेकांवर आडवे असतील तर ते पब्लिक हेल्थ सर्व्हिसचं, म्हणजे अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचं, चिन्ह आहे, विकणारे बऱ्याचदा नेव्ही म्हणूनच विकतात, आणि मला तर हे पीस नेव्हीपेक्षा जास्त आवडतात.

नकली माल कसा ओळखायचा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. खऱ्या मेस क्रॉकरीची नक्षी साधारणपणे ग्लेझच्या खाली असते, कारण वरची नक्षी रोजच्या काट्या-चमच्यांनी आणि धुण्यानं निघून गेली असती. प्लेट खिडकीशी न्या, तिरकी धरा आणि नांगरावरून नख फिरवा, कड लागली किंवा त्या जागेची चमक बाजूच्यापेक्षा वेगळी दिसली तर संशय घ्या. मग भिंगातून सुरीचे ओरखडे बघा. जुन्या प्लेटवर ओरखडे ग्लेझवर असतात आणि चिन्हावरूनही आरपार जातात, पण जुन्या साध्या प्लेटवर नंतर डेकल, म्हणजे छापील नक्षीचा पातळ कागद, चिकटवून भाजलं असेल तर ओरखडा चिन्हाच्या कडेला येऊन थांबतो आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो, म्हणजे डेकल ओरखड्याच्या वर बसलंय. एवढं दिसलं की सरळ खाली ठेवून द्या. प्रसिद्ध युद्धनौकेचं नाव मोठ्या अक्षरात असेल तर हे डबल तपासा.

तडा बघायला भांडं तळहातावर टेकवा आणि काठाला टिचकी मारा, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे, मग काठावर बोट फिरवत फिरवत शोधा. काठाचा गोल वळवलेला जाडपणा मुद्दाम दिलेला असतो, कपचा उडू नये म्हणून, तरी कपचे असतातच आणि साध्या पीसवर एखादा लहान कपचा मी चालवून घेते, तडा मात्र नाही.

खरेदीसाठी ओहायोतलं रॉजर्सचं शुक्रवारचं फ्ली मार्केट मला सगळ्यात आवडतं, आणि तिकडे जाताच आहात तर जवळच ईस्ट लिव्हरपूलला जुन्या पोस्ट ऑफिसच्या इमारतीत सिरॅमिक्सचं म्युझियम आहे ते बघून या, खऱ्या वस्तू बघून डोळा तयार होतो. सुरुवातीला एकच काहीतरी धरा, फक्त मग, किंवा फक्त हॉस्पिटलची भांडी, नाहीतर घरात बरण्या-वाडग्यांचा नुसता डोंगर होतो.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनी नाराज होऊ नका, मटन स्ट्रीटचा चोर बाजार नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात ब्रिटिश माल बघा, मागे स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांचे शिक्के, समोर राजाचा मुकुट किंवा नाफी, म्हणजे १९२१ पासून ब्रिटिश सैनिकांची कँटीनं चालवणारी संस्था. टिचकीची आणि ओरखड्याची परीक्षा तिथेही तीच.

साफसफाईत एकच गोष्ट कडक पाळा, क्लोरीन ब्लीच नको, ते बारीक तड्यांतून आत शिरतं आणि नंतर ग्लेझ उखडतं. काट्याच्या करड्या रेघा बेकिंग सोड्याच्या ओल्या पेस्टनं हळूहळू घासून बऱ्याच निघतात. जेवायला वापरायची असतील तर जुन्या रंगांत आणि ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, म्हणून लोणचं, चिंचेची आमटी, सोलकढी असलं आंबट काही त्यात ठेवू नका, आणि मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच. फळीवर एकावर एक रचताना मध्ये कागदी प्लेट घाला, कारण बुडाची ग्लेझ नसलेली खरखरीत कडा खालच्या प्लेटवर नवीन ओरखडे पाडते.