कोयनेच्या परिसरात भूकंपमापक बसवायचा तर

भूपट्टांच्या सीमेपासून कोयना हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तरी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४:२१ ला तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. अशा प्रदेशात मोठे धक्के विरळ, म्हणून सगळी भिस्त बारीक धक्क्यांवर. साधारण हिशेब असा, की तीव्रता एकने घटली की धक्क्यांची संख्या दहापट होते. ३ ऐवजी २ पर्यंतचे धक्के टिपता आले, तर दहा वर्षांत जमणाऱ्या नोंदी वर्षभरात हाती येतात. त्यासाठी महागड्या यंत्राआधी शांत जागा शोधा.

काळी माती टाळा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि यंत्र कलते. उघडा कातळ मिळाला तर उत्तम. मोठ्या झाडापासून लांब राहा, वाऱ्यात झाड हलले की मुळांसकट जमीन हलते. कातळापर्यंत खणून २ फूट बाय २ फूट चौथरा १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटने भरा, सात दिवस पाणी मारा. भोवतालच्या फरशीला तो चिकटता कामा नये. इंचभर फट ठेवून थर्माकोल भरा, नाहीतर घरातल्यांची पावलेच नोंदत बसाल.

हौशी केंद्राला ४.५ हर्ट्झचा जिओफोन (जमिनीच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा संवेदक) आणि सेकंदाला १०० नमुने, म्हणजे १०० मोजण्या, पुरतात. आलेखावर २ ते १५ हर्ट्झची गाळणी लावा. २४ हर्ट्झच्या आसपास सरळ रेघ दिसली, तर ती बहुधा शेजारची पाण्याची मोटर असते (१,४४० फेरे भागिले ६०).

घड्याळाकडे दुर्लक्ष सर्वांत महागात पडते. एका सेकंदाची चूक म्हणजे पी लहरीच्या (भूकंपाची सर्वांत आधी पोचणारी लहर) हिशेबाने सुमारे ६ किलोमीटर. जीपीएस लावा, नाहीतर इंटरनेटवरून वेळ जुळती ठेवा. नोंदी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. म्हणूनच किल्लारीचा भूकंप आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ चा आणि जागतिक याद्यांत २९ चा. वीज अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडते, तेव्हा यूपीएस हवाच.

पी आणि तिच्यामागून येणारी एस लहर पोचण्यातले अंतर सेकंदांत मोजून ८ ने गुणा, की धक्का किती लांब झाला ते कळते: ३ सेकंद म्हणजे सुमारे २४ किलोमीटर. दिशा मात्र यातून कळत नाही. केंद्रबिंदूसाठी किमान तीन केंद्रे लागतात. खोलीचे गणित आणखी नाजूक. कोयना-वारणेचे बहुतेक धक्के १० किलोमीटरच्या आत होतात, त्यामुळे सर्वांत जवळचे केंद्रही साधारण तेवढ्याच अंतरात हवे. ते ४० किलोमीटरवर असेल, तर संगणक खोली देईल खरी, पण ती मनावर घेऊ नका.

खाणीतले सुरुंग धक्क्यांच्या यादीत हमखास घुसतात. ते दिवसाउजेडी, ठरावीक वेळेला आणि त्याच दिशेने येतात. त्यांची एस लहर क्षीण असते आणि पहिली हालचाल सगळ्या केंद्रांवर वरच्या दिशेने होते. महिनाभराच्या नोंदी तासांनुसार मोजा. दुपारी उंचवटा दिसला, तर आधी खाणवाल्यांना विचारा.

धरणाची पाणीपातळी धक्क्यांच्या नोंदवहीतच रोज लिहा. कोयनेला पावसाळ्यानंतर, पाणी चढल्यावर, धक्के वाढतात. पातळीचा रकाना रिकामा राहिला, तर तो संबंध नंतर जुळवता येत नाही.