परदेशी क्लबात पहिले काही महिने

परदेशी फुटबॉल क्लबाच्या करारावर सही करण्याआधी खेळाडूचं वय तपासा. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार १८ वर्षांखालील खेळाडूला परदेशी क्लबात जाता येत नाही. अपवाद मोजके आहेत. पालक परदेशी गेले म्हणून खेळाडू गेला, हे चालतं. पण त्यांच्या जाण्याचं कारण फुटबॉल असता कामा नये. 'क्लबासाठी पालकांनाही तिकडे हलवू' असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबा. शिवाय अठराच्या आतला करार ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नको.

भाषा मैदानापासून शिकायला घ्या. 'मागे आहे', 'वेळ आहे', 'वळ', 'सोड', डावं-उजवं अशा ३०-४० हाका निघण्यापूर्वीच पाठ हव्यात. हाक उशिरा कळली की चेंडू जातो, आणि ती चूक भाषेची नव्हे, खेळाची धरली जाते. व्याकरण नंतर.

खरा घोटाळा पहिल्या महिन्यात होतो. छाप पाडायच्या नादात खेळाडू सराव संपल्यावर एकटाच जिममध्ये घाम गाळतो. अंगाला नव्या वेगाची, नव्या मैदानाची सवय नसते, त्यात झोप अपुरी. मग मांडीचा मागचा स्नायू दुखावतो. जादा सराव फिटनेस प्रशिक्षकाला विचारूनच करा. झोप ८-९ तास हवीच.

घरी फोन ठरलेल्या वेळी करा, सामना संपल्यासंपल्या नको. पालकांनी आधी जेवणाखाण्याचं विचारावं, गोलांचं नंतर. राखीव संघात पाठवलं म्हणून घाबरू नका. खेळाडू संघासोबत जेवायचं टाळू लागला, तर मात्र क्लबात त्याची देखभाल पाहणाऱ्या माणसाला त्याच आठवड्यात सांगा.