बाईकवरून युरोप: बोगदा सोपा, कागद अवघड

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, भारतीय पासपोर्टवाल्या बाईकर मंडळींसाठी हे लिहितेय. इंग्लिश खाडीखालून फ्रान्सला जाणाऱ्या बोगद्याची धास्ती बऱ्याच जणांना असते, पण या सगळ्यात तोच सोपा. घोळ होतो कागदांत, नाहीतर पलीकडे उतरल्यावर पहिल्या दिवशी.

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच्याकडे मागायचा. स्वित्झर्लंडला पाच रात्री आणि फ्रान्सला दोन, तर अर्ज स्विस. सहा महिने आधी अर्ज करता येतो. मी उन्हाळ्यासाठी फेब्रुवारीतच मागे लागते. बाईकची व्ही5सी, म्हणजे ब्रिटिश आरसी, मूळ न्यायची, झेरॉक्स नाही. लायसन्स पूर्ण हवं, सीबीटीच्या (नवशिक्यांच्या प्राथमिक ट्रेनिंगच्या) सर्टिफिकेटवर देशाबाहेर चालवता येत नाही. इन्शुरन्ससाठी ग्रीन कार्ड (परदेशात दाखवायचा विम्याचा दाखला) 2021 पासून लागत नाही, तरी कंपनीला फोन कराच: युरोपात गेल्यावर पुष्कळ पॉलिसी नुसत्या थर्ड पार्टीवर येतात. मागे 'यूके'चं स्टिकर लावा, जुनं 'जीबी' बाद झालंय. फ्रान्समध्ये सीई मार्कचे ग्लोव्हज सक्तीचे आहेत, आणि चमकणारं जाकीट हाताशी लागतं, म्हणजे पॅनियरच्या (बाईकच्या बाजूच्या पेटीच्या) तळाशी नव्हे.

डब्याचंही बघा. ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पनीर घरीच. शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा बिनधास्त न्या.

आता बोगदा. "समुद्राखालनं गाडी मारत जातीस व्हय गं?" असं आई साताऱ्याहून विचारते. नाही, गाडी रेल्वेत चढवायची. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फोकस्टोनला एम20 मोटरवेच्या 11ए एक्झिटवरून थेट टर्मिनलमध्ये शिरायचं. बुकिंग नंबर टँकबॅगच्या (टाकीवरच्या बॅगेच्या) वरच्या खिशात ठेवा. ब्रिटिश आणि फ्रेंच, दोन्ही तपासण्या इकडेच होतात. ईईएस, म्हणजे युरोपात आल्या-गेल्याची डिजिटल नोंदणी, आल्यापासून फोटोचंही काम वाढलंय, त्यामुळे वेळ हाताशी ठेवून पोचा. हेल्मेट काढायला लागतं, तेव्हा इअरप्लग नंतर घाला.

बाईक बहुधा शेवटी चढवतात. रॅम्पवरून डब्यात शिरलात की फरशी लोखंडी असते, टायर पावसाने ओले असतील तर बाईक घसरते. तिथे पुढचा ब्रेक कचकन दाबू नका. कर्मचारी हात दाखवेल तिथे तिरकी लावायची, साइड स्टँड टाकून, पहिल्या गिअरमध्ये, हँडल डावीकडे पूर्ण वळवून. पट्टे बांधत नाहीत. बसायला सीट नसते, बाईकपाशीच उभं राहायचं. रेल्वे सुटताना एक हात बाईकच्या सीटवर ठेवा. नंतर हलणं इतकं कमी होतं की चहा सांडत नाही. बोगदा 50 किलोमीटरचा, त्यातले 38 समुद्राखाली, आणि प्रवास 35 मिनिटांचा. खिडकीतून काहीही दिसत नाही. घड्याळ तासभर पुढे करायचं काम तेवढ्यात उरकून घ्या.

पलीकडे फ्रान्समध्ये, कॅलेला, बाहेर पडलात की थेट ए16 मोटरवे. मोटरवेवर उजवी बाजू सांभाळणं सोपं, कारण सगळेच एका दिशेने चाललेले असतात. चूक होते ती पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्यावर परत येताना. मी टाकीवर उजवीकडे बाण काढलेली पट्टी चिकटवते. लोक हसतात, हसू देत. राउंडअबाउटला उलट्या दिशेने फिरायचं आणि डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. पण फ्रेंच खेड्यात पाटी नसेल त्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो ट्रॅक्टर का असेना. पंपावर गोलातलं ई5 किंवा ई10 पेट्रोल, चौकोनातलं बी7 डिझेल. 'गाझोल' लिहिलंय तिकडे फिरकायचं नाही.

घाई नसेल तर पहिल्या दुपारी ए16 सोडून डी940 धरा. कॅलेहून बुलोनकडे समुद्राच्या कडेने, ब्लाँ-ने आणि ग्री-ने या दोन भूशिरांजवळून जातो. हात उजव्या बाजूला बसायला उत्तम रस्ता. आल्प्सला लवकर पोचायचं असेल तर ए26 मोटरवेने रॅन्स (Reims) शहराकडे. टोलनाक्यावर बाईकचा वर्ग 5, तो स्वस्त असतो. पडद्यावर 1 दिसला तर पैसे भरण्याआधी मदतीचं बटण दाबा.

आठवड्यात सात देश करू नका. चार घाट निवांत करा. स्वित्झर्लंडमध्ये फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन एका दिवसात होतात, पण जूनआधी ते उघडतीलच असं धरू नका. फुर्का 2429 मीटरवर आहे, ऑगस्टमध्येही वर बोटं गारठतात. स्विस मोटरवेसाठी 40 फ्रँकचं विन्येट (टोलचा पास) बाईकलाही लागतं, आता ऑनलाइन मिळतं. आवाजी एक्झॉस्ट लावलेल्यांनी ऑस्ट्रियात टिरोलचा रॉइट जिल्हा टाळावा: तिथल्या काही रस्त्यांवर उन्हाळ्यात 95 डेसिबलच्या वर नोंद असलेल्या बाईकना बंदी असते, आणि पोलीस आकडा बाईकच्या कागदांवरूनच बघतात, तुम्ही ॲक्सिलरेटर किती हळू पिळता त्यावरून नाही.