गाडी काढण्याआधी खिशात ठेवायचं कार्ड

धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराईच्या पुढं किंवा मांजरसुंब्याच्या घाटात कुणी मोटारसायकलवरून पडलं, तर त्याच्यापाशी सगळ्यांत आधी पोचतो तो धाब्यावरचा पोऱ्या, उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, नाहीतर शेजारच्या रानात कापूस वेचणारी बाई. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळं जालना-संभाजीनगर असो की लातूर-नांदेड, मोटारसायकलवाला ट्रक, एसटी आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या गर्दीतूनच जातो. पडलेल्याची शुद्ध हरपली असेल तर जवळ आलेल्याला दोनच गोष्टी हव्या असतात: हा कोण आणि फोन कुणाला लावायचा. औषधं, ॲलर्जी, जुनी दुखणी हे पुढं दवाखान्यात लागतं. खिशातली माहिती याच क्रमानं तयार करायची, आधी त्या अनोळखी माणसासाठी आणि मग डॉक्टरांसाठी.

सुरुवात कागदानं करा. आधार कार्डाएवढा जाड कागद घ्या, बॉलपेननं ठळक लिहा आणि झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून घ्या. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, शर्ट घामानं भिजतो, शाईपेननं लिहिलेलं एका दिवसात पसरतं. कार्डाच्या पुढच्या बाजूला तुमचं नाव, गाव, तालुका आणि त्याखाली तीन फोन नंबर, आधी एवढंच; मदत करणाऱ्यासाठीच्या दोन-तीन ओळी पुढं सांगतो, त्यांना खाली जागा ठेवा. नाव मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा, नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत. उदगीर, देगलूर, उमरगा भागात फिरणाऱ्यांनी नाव आणि नातं इंग्रजीतही लिहावं, कारण तिथं तुम्हाला उचलणारा तेलंगणाचा ट्रकवाला असू शकतो आणि जवळचा दवाखाना बिदरचा.

हे तीन नंबर कुणाचे, यावर थोडा वेळ घालवा. बहुतेक जण डोळे झाकून बायकोचा, वडिलांचा आणि जिवलग मित्राचा नंबर लिहितात. पण वडील दिवसभर रानात आणि फोन घरात चार्जिंगला, असं असेल तर त्या नंबराचा उपयोग नाही. मित्र त्याच गाडीवर मागं बसलेला असेल तर त्याचाही नाही. एक नंबर घरचा ठेवा, जो हमखास उचलला जातो. दुसरा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या, स्वतःचं वाहन असलेल्या माणसाचा, म्हणजे दाजी, मेव्हणा, चुलतभाऊ, जो अर्ध्या तासात दवाखान्यात उभा राहील. तिसरा असा, जो फोनवर घाबरणार नाही आणि ऑपरेशनला हो-नाही सांगू शकेल. प्रत्येक नंबरापुढं नातं लिहा. "थोरला भाऊ" असं वाचलं की फोन करणाऱ्याला काय आणि कसं बोलायचं ते कळतं. आणि या तिघांना आधी सांगून ठेवा. आजकाल अनोळखी नंबर दिसला की लोक फोन कापतात. तुम्ही प्रवासात असताना आलेला अनोळखी फोन उचलायचा, आधी ठिकाण आणि दवाखान्याचं नाव विचारायचं, रडारड मागून, हे त्यांना स्पष्ट बोलून दाखवा. तुमची औषधं कोणती हेही त्यांना माहीत हवं.

आता कार्डाची मागची बाजू. इथं लोक पहिल्यांदा रक्तगट लिहितात आणि तिथंच थांबतात. रक्तगट लिहा, पण त्यावर विसंबू नका. दवाखान्यात रक्त चढवण्याआधी गट पुन्हा तपासतात, तुमच्या रक्ताशी जुळवून बघतात. कार्डावरचं वाचून कुणी पिशवी लावत नाही. बॉम्बे गटासारखा दुर्मीळ गट असेल तर मात्र तो ठळक लिहायलाच हवा, कारण तसं रक्त शोधण्यातच वेळ जातो. खरी किंमत आहे ती रोजच्या गोळ्यांना. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, म्हणजे वॉरफेरिन, ॲसिट्रोम, क्लोपिडोग्रेल किंवा नुसती एकोस्प्रिन, तर ती सगळ्यांत वर लिहा. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला, तर तो उठून बसला, बोलला, चहा प्यायला, तरी आत रक्तस्राव चालू असू शकतो आणि डॉक्टरांना सीटी स्कॅनचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. बीपीसाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेत असाल तर तेही लिहा. शरीरातलं रक्त कमी झालं की नाडी जोरात पळते, त्यावरून डॉक्टर अंदाज बांधतात, पण या गोळ्यांमुळं नाडी पळत नाही आणि अंदाज चुकू शकतो. मधुमेह असेल तर नुसतं "शुगर आहे" एवढं पुरत नाही. इन्सुलिन घेता की गोळ्या, ते लिहा. साखर एकदम उतरल्यानंही माणूस गाडीवरून पडतो आणि मग तो दारू प्यायलाय असं समजून लोक लांबून बघत राहतात. बरेच महिने स्टेरॉइड चालू असेल, पेसमेकर किंवा हाडात प्लेट असेल, एकच किडनी असेल, तर प्रत्येकी एक ओळ.

ॲलर्जीची ओळ वेगळी आणि लाल शाईत. पेनिसिलिन, सल्फा, डायक्लोफिनॅक ही नावं खास तपासा. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दुखणं थांबवायला गावोगावच्या दवाखान्यात सर्रास देतात, त्यामुळं ते सोसत नसेल तर पहिल्या पाच मिनिटांत समजायला हवं. काहीच ॲलर्जी नसेल तर ओळ मोकळी न सोडता "आजवर कोणतीही ॲलर्जी आढळलेली नाही" असं लिहा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं त्याचं साल टाका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं नाव आणि नंबर शेवटी.

फिट येत असेल तर एक ओळ पुढच्या बाजूला न्या: "फिट आल्यास कुशीवर वळवा, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका." तसंच सगळ्यांसाठी: "बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढू नका. १०८ ला फोन करा." आपल्याकडं पडलेल्या माणसाला पाणी पाजणं हा पहिला आणि प्रेमाचाच उपचार असतो, पण बेशुद्ध माणसाच्या बाबतीत ते पाणी श्वासनलिकेत जातं. हेल्मेट घाईत ओढलं तर मानेचा मणका दुखावण्याची भीती असते. श्वास नीट घेता यावा म्हणून काच वर केली तर चालते. याच कारणानं कार्ड हेल्मेटच्या अस्तरात ठेवू नका. ते शोधायला कुणीतरी हेल्मेट उपसणार.

मग ठेवायचं कुठं? अंगावर. टाकीवर आणि मडगार्डवर रक्तगट रंगवलेल्या गाड्या मी खूप बघतो. गाडी रस्त्यावर किंवा पोलीस ठाण्यात राहते आणि माणूस रुग्णवाहिकेतून पुढं जातो, त्यामुळं टाकीवर, डिक्कीत, सीटखाली लिहिलेलं डॉक्टरांपर्यंत पोचत नाही. एक कार्ड शर्टाच्या किंवा बंडीच्या खिशात, दुसरं पाकिटात लायसन्सच्या मागं. पाकीट गहाळ झालं तर खिशातलं उरतं. ज्यांच्या कपड्यांना खिसा नसतो त्या बायांनी ते पर्समध्ये न ठेवता कमरेच्या बटव्यात किंवा गळ्यातल्या दोरीला अडकवावं, कारण पर्स गाडीपासून लांब उडते. मागं बसणाऱ्याचं कार्ड वेगळं. नवरा-बायको दोघं गाडीवर असतील तर एकमेकांचे नंबर लिहिण्यात अर्थ नाही, तिसऱ्याच माणसाचा नंबर हवा. लेकरू सोबत असेल तर त्याच्या खिशात नाव आणि आजी-आजोबांचा किंवा मामाचा नंबर असलेली चिठ्ठी टाका.

फोनचं काम यानंतर. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये आणीबाणीच्या माहितीचा भाग असतो, आयफोनला हेल्थ ॲपमध्ये मेडिकल आयडी. दोन्हीकडं माहिती भरा आणि लॉक असतानाही ती दिसेल अशी सोय चालू करा, मग घरातल्या कुणालातरी लॉक केलेला फोन देऊन ती सापडते का बघा. इंग्लंडमधल्या बॉब ब्रॉची नावाच्या पॅरामेडिकनं २००५ मध्ये फोनमध्ये "आयसीई" (इन केस ऑफ इमर्जन्सी, म्हणजे आणीबाणीत) या नावानं जवळच्या माणसाचा नंबर ठेवायची कल्पना मांडली. ती साध्या बटणाच्या फोनवर आजही उपयोगाची आहे. स्मार्टफोन मात्र लॉक असतो आणि आपटल्यावर काच फुटते, म्हणून त्याला कार्डानंतरचंच स्थान द्या. डिजिलॉकरमधलं लायसन्स पोलिसाला दाखवायला ठीक आहे, पण बेशुद्ध माणसाचं डिजिलॉकर कुणी उघडू शकत नाही. मूळ लायसन्स किंवा त्याची झेरॉक्स जवळ ठेवा.

आधार क्रमांक, बँकेचं काही, एटीएमचा पिन यांतलं काहीही कार्डावर नको. एखादा आजार चारचौघांत उघड व्हावा असं वाटत नसेल तर आजाराचं नाव न लिहिता औषधाचं नाव लिहा, डॉक्टरांना तेवढं पुरतं.

रेशन कार्डाचा आणि आयुष्मान कार्डाचा फोटो घरच्यांच्या फोनमध्ये असू द्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी कागद मागतात तेव्हा गावाकडून आणायला कुणाला तरी पळावं लागतं. शिवाय २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोख उपचार आहेत. तुमच्या तिघांना हे माहीत असू द्या, म्हणजे संभाजीनगरच्या घाटीत, अंबाजोगाईला किंवा नांदेडच्या विष्णुपुरीला सरकारी रुग्णालयात पोचल्यावर ते थेट विचारतील.

आणखी एक ओळ मी आग्रहानं लिहायला सांगतो. "मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. मोटार वाहन कायदा, कलम १३४-अ." २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं हे कलम कायद्यात आलं. तरी अजून पोलिसांच्या आणि कोर्टाच्या फेऱ्यांच्या भीतीनं भली माणसं पाच हात लांब उभी राहतात. त्यांनी खिशात हात घालावा, फोन लावावा, यासाठी त्यांना धीर देणारी ओळ पुढच्याच बाजूला असावी.

राहिली तारीख. कार्डाच्या कोपऱ्यात लिहिल्याची तारीख टाका. गोळी बदलली, कुणाचा नंबर बदलला, तर खाडाखोड न करता नवं कार्ड करा, खर्च वीस-तीस रुपयांचा आहे. काहीच बदललं नसलं तरी दसऱ्याला गाडी धुवून हार घालताना कार्ड बाहेर काढा, एकदा वाचा आणि तिन्ही नंबर दुसऱ्याच्या फोनवरून लावून बघा.