शिडाच्या नौकेतील विजेची मोटर तापते? पंखा बसवण्याआधी या चुका टाळा

डिझेल इंजिन काढून 48 व्होल्टची मोटर बसवलेल्या तीस फुटी शिडाच्या नौकेबाबत एक तक्रार हमखास ऐकू येते. बंदराबाहेर पडेपर्यंत सारे सुरळीत चालते. पण वारा पडून अर्धा-पाऊण तास मोटरवर जावे लागले, की तापमान चढत जाते आणि कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारे यंत्र) आपणहून शक्ती कमी करतो. बहुतेक मालक लगेच पंखा बसवतात. पंखा लागतो हे खरे. परंतु मोटर एवढी उष्णता का निर्माण करते हे न पाहता तिला वारा घालणे, म्हणजे छप्पर गळते ठेवून खाली भांडी मांडत राहणे होय.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डिझेलचा जुना प्रोपेलर आणि त्याला न जुळणारे पुलीचे गुणोत्तर (प्रोपेलरच्या एका फेरीमागे मोटरचे किती फेरे). मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दुप्पट झाला की प्रवाह जवळपास दुप्पट आणि वायंडिंगमधील (मोटरच्या आतील तारेच्या वेटोळ्यांतील) उष्णता चौपट होते. त्यामुळे मोठ्या पिचचा, म्हणजे एका फेरीत जास्त अंतर कापू पाहणारा, प्रोपेलर संथपणे रेटणारी मोटर वरून आरामात चाललेली दिसली, तरी आतून भाजत असते. पूर्ण थ्रॉटलला अपेक्षित फेरे मिळत नसतील आणि प्रवाह मात्र मर्यादेला टेकला असेल, तर बहुधा दोष इथेच आहे. गुणोत्तर 1.5 वरून 2.5 केले, तर प्रोपेलरच्या तेवढ्याच फेऱ्यांसाठी मोटरला 60 टक्के टॉर्क पुरतो आणि वायंडिंगमधील उष्णता 36 टक्क्यांवर येते. मात्र मोटरचे फेरे त्या प्रमाणात वाढतात, म्हणून बॅटरी उतरत आल्यावरही ते मिळतील का, हे आधी तपासावे. मोठा, संथ प्रोपेलर मुळात कार्यक्षम असतो. तो बदलण्याआधी पुली बदलणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

बॅटरीच्या मीटरवर विसंबणे हीही तितकीच मोठी चूक आहे. कमी फेऱ्यांवर जास्त जोर लागत असताना बॅटरीतून 60 अँपिअर जात असले, तरी मोटरच्या तीन तारांतून त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रवाह वाहत असू शकतो आणि वायंडिंग तापते ते याच प्रवाहाने. कंट्रोलरच्या डिस्प्लेवर तो आकडा मिळत असेल, तर तोच पाहावा.

मोटरवर छापलेली 10 किलोवॅट ही शक्ती सतत देण्याची आहे की मिनिटभराची, हेही अनेकदा वाचले जात नाही. मिनिटभराची असेल, तर सतत चालताना फेरे कमी ठेवावे लागतात. सपाट पाण्यात फेरे केवळ 10 टक्क्यांनी कमी केल्यास शक्ती सुमारे 27 टक्क्यांनी, तर वायंडिंगमधील उष्णता सुमारे 34 टक्क्यांनी घटते. त्यासाठी गमवावा लागणारा अर्धा नॉट वेग त्यामानाने स्वस्त पडतो.

आता हवेचे. डिझेल इंजिन स्वतःच हवा ओढत असल्याने त्याच्या कप्प्यात ताजी हवा येत राहते. मोटर तसे करत नाही. बंद कप्प्यातील पंखा तीच गरम हवा फिरवतो, म्हणून आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन वेगळ्या वाटा हव्यात. कोकण किनाऱ्यावरच्या उन्हाळ्यात तर कप्प्यातील हवा आधीच तापलेली असते.

मोटरऐवजी नुसती एक थिंबलच (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) तापते, असेही होते. जोडणीत केवळ एक मिलिओहम रोध असला, तरी 150 अँपिअरला तिथे 22 वॅटहून अधिक उष्णता तयार होते. भार देऊन झाल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक जोडणी तपासावी आणि एखादी शेजारणीपेक्षा स्पष्टपणे गरम लागल्यास ती नव्याने क्रिंप करावी, म्हणजे दाबून घट्ट बसवावी. सेन्सरचा आकडा खरा आहे का, याची परीक्षा सोपी आहे: रात्रभर बंद असलेल्या मोटरचे सकाळचे तापमान कप्प्यातील हवेइतकेच दिसले पाहिजे. तसे दिसत नसेल, तर कंट्रोलरमध्ये सेन्सरचा प्रकार चुकीचा निवडलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

एवढे करूनही कारण सापडले नाही, तर बेल्ट उतरवून मोटर कमी गतीने मोकळी फिरवावी. तेव्हा प्रवाह अगदी थोडा असेल, तर घट्ट आवळलेली ग्लँड (शाफ्टभोवती पाणी अडवणारी जोडणी), शाफ्टची सरळ रेषा आणि प्रोपेलरवर चिकटलेले शिंपले पाहावेत. मोकळी असूनही तो जास्त असेल, तर एन्कोडरची (मोटरच्या फिरण्याची स्थिती कंट्रोलरला कळवणाऱ्या सेन्सरची) जुळणी बिघडलेली असू शकते. बेल्टला हात लावण्यापूर्वी नौका बांधलेली असावी आणि मुख्य स्विच बंद असावा. ओहोटीच्या ओढीने प्रोपेलर फिरत असेल, तर स्विच बंद असूनही मोटर वीज निर्माण करते, त्यामुळे शाफ्ट पूर्ण थांबल्याची खात्री करूनच काम सुरू करावे.